तापल्यावरच अडणारी पद्मिनी

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. वडिलांनी 1988 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी त्यांनी आजवर जपली आहे. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, वीस-पंचवीस किलोमीटर कुरकुर न करता धावते आणि मग बिघडते. वाई सोडून पसरणी घाट चढू लागले की पिकअप पडतो, झटके सुरू होतात आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ती बंद पडते. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. गावात फिरताना इंजिन गरम झाले की आयडलिंग ढासळते, आणि चहासाठी दहा मिनिटे थांबले की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची वेळ येते. टेंपरेचरचा काटा मात्र मधल्या खुणेपुढे जात नाही. वर्षभरात कार्बोरेटरचे किट, चार प्लग, पेट्रोलचा पंप आणि ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल असे सगळे बदलून झाले. आता गॅरेजमध्ये सांगतात की बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, झिजले आहेत, इंजिनचे काम काढावे लागेल. त्यांचा प्रश्न असा की काम काढावे, दुसरे इंजिन बसवावे, की गाडी देऊन टाकावी?

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची ओळ तुम्ही जाता जाता, अगदी शेवटी लिहिली आहे. डिसेंबरात याच गाडीने महाबळेश्वरला जाऊन आलात आणि वाटेत काही झाले नाही, मार्चपासून मात्र एकही फेरी सुखाची झाली नाही, असे तुम्ही म्हणता. घाट तोच, गाडी तीच, चालवणारे तुम्हीच. बदलली ती फक्त हवा. या एका ओळीवरून मी तुम्हाला ठामपणे सांगतो की आज तरी इंजिन उघडू देऊ नका.

झिजलेले बोअर आणि पिस्टनच्या रिंगा अर्ध्या तासाच्या विश्रांतीने भरून येत नाहीत. तो आजार असता तर सकाळच्या थंडीत गाडी सुरू व्हायलाच त्रास झाला असता, सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता, ऑइल वारंवार घालावे लागले असते. यांपैकी कशाचाही उल्लेख तुमच्या पत्रात नाही. जो दोष उष्णतेबरोबर येतो आणि उष्णतेबरोबर जातो, तो बहुधा पेट्रोलच्या वाटेवर असतो किंवा ठिणगीच्या वाटेवर. बोअरमध्ये तो क्वचितच सापडतो. शिवाय ही गाडी मुळातच उन्हाला टिकत नाही असेही नाही. सीएनजी येण्याआधी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून हेच 1089 सीसीचे इंजिन मे महिन्याच्या उन्हात, सिग्नलमागून सिग्नल, पेट्रोलवरच दिवसभर चालत असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीत जे होते आणि तुमच्या गाडीत आज जे नाही, ते आपल्याला शोधायचे आहे.

आतापर्यंतच्या दुरुस्तीत एक चूक सतत होत आली आहे आणि तिचा दोष मी एकट्या कारागिराला देणार नाही. गाडी घाटात बंद पडते, परंतु तपासली जाते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅरेजच्या सावलीत, पूर्ण थंड झाल्यावर. त्या वेळी दोष तिथे नसतो. मग कारागीर अंदाजाने एक भाग बदलतो, गल्लीत एक फेरी मारून गाडी ठीक असल्याचे सांगतो, आणि पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा त्याच वळणावर उभे असता. ताप असताना रोग्याला पाहायचे आणि ताप उतरल्यावर पाहायचे यात जेवढे अंतर आहे, तेवढेच या दोन तपासण्यांत आहे. म्हणून पुढचा एकही भाग विकत घेण्याआधी, गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत तिची तपासणी व्हायला हवी, आणि ती तुम्ही स्वतः करू शकता.

त्यासाठी गाडीत काही वस्तू ठेवा: एक जादा प्लग, प्लगचा पाना, साधा मल्टिमीटर, जाड सुती फडक्यांचे दोन तुकडे, पाण्याच्या दोन बाटल्या, हातमोजे आणि आग विझवण्याचे छोटे नळकांडे. शेवटची वस्तू शोभेची समजू नका. तापलेल्या इंजिनाजवळ उघडे पेट्रोल आणि ठिणगी या दोन गोष्टी आपण हाताळणार आहोत. सेल्फ मारायला कोणाला तरी बरोबर घ्या. गाडी वळणावर न थांबवता रस्त्याच्या रुंद कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका.

बॉनेटकडे जाण्याआधी गाडीच्या मागच्या बाजूला जा आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण कान जवळ ठेवून सावकाश फिरवा. आत हवा ओढली जात असल्याचा ‘सुस्स’ असा लांब आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले आहे. पेट्रोल निघून जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. अर्धा तास थांबले की थोडी थोडी हवा आत शिरते आणि गाडी सुरू होते, त्यामुळे सगळ्यांना वाटते की ती ‘थंड झाल्यामुळे’ सुरू झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या गाडीवर मी याच दोषापायी पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडला आणि त्यांचे पैसे घालवले. शेवटी त्यांच्या मुलाने पेट्रोल किती उरले हे पाहण्यासाठी सहज झाकण उघडले आणि तो आवाज मी ऐकला. आधीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीचे, बिनछिद्राचे झाकण बसवलेले होते. त्या पैशांची रुखरुख मला आजही आहे, म्हणून ही तपासणी मी सर्वांत आधी सांगतो. तुमच्या बाबतीत डिसेंबरची फेरी नीट झाली, त्यामुळे झाकणावर माझा संशय कमी आहे. पण या तपासणीला एक पैसा लागत नाही.

आता बॉनेट उघडा. किल्ली बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने पाहा. ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने एकदा झटकन पूर्ण ओढा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची स्वच्छ, सलग चिळकांडी उडायला हवी. ती उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. ती उडालीच नाही किंवा नुसता फुसका फवारा आला, तर वाटी रिकामी आहे आणि इंजिन पेट्रोलअभावी थांबले आहे. तिसरी शक्यता अशी की दांडा न ओढताच आत थेंब थेंब पेट्रोल गळताना दिसेल, भिंती ओल्या असतील आणि वास नाकात जाईल. म्हणजे पेट्रोल कमी नसून जास्त झाले आहे. जे दिसेल ते तिथेच लिहून ठेवा.

गळती दिसली तर ठिणगीची तपासणी अजिबात करू नका, कारण उत्तर मिळालेले आहे. गळती नसेल तर एअर फिल्टर परत बसवा, कार्बोरेटरपासून सर्वांत लांबच्या प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा आणि त्या प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकेल असे ठेवा. हातात धरू नका. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळसर, जाड आणि ‘टक टक’ असा कोरडा आवाज करणारी असेल तर ती बाजू ठीक आहे. पिवळट, केसासारखी बारीक, मध्येच चुकणारी किंवा मुळीच न दिसणारी ठिणगी असेल तर दोष विजेच्या बाजूला आहे. भर उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून बॉनेटची किंवा छत्रीची सावली धरा.

यानंतर फडक्यांची पाळी. घाटात ओले फडके टाकण्याचा उपाय जुन्या चालकांना ठाऊक असतोच, पण घाईत ते पंपावर, कॉइलवर, कार्बोरेटरवर, जिथे हात पोहोचेल तिथे पाणी ओततात. गाडी सुरू होते, मात्र कशामुळे सुरू झाली हे कळत नाही. तुम्ही एका वेळी एकच भाग थंड करा. वाटी रिकामी आढळली असेल तर फडके भिजवून, पिळून फक्त पंपाभोवती आणि त्याच्या आत येणाऱ्या नळीवर गुंडाळा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि सेल्फ मारा. ठिणगी कमकुवत आढळली असेल तर तसेच पिळलेले फडके फक्त कॉइलच्या अंगावर, वायरींपासून दूर ठेवा. ज्या भागाला थंडावा दिल्यावर गाडी सुरू होते, तो भाग दोषी आहे किंवा दोषाच्या अगदी शेजारी आहे. तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा हेडवर थंड पाणी पडू देऊ नका. तडा जाण्याचे भय असते. प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात, तोही कोरडाच ठेवा.

माझा स्वतःचा कल पेट्रोलच्या बाजूला आहे आणि त्याची कारणे जरा विस्ताराने सांगतो. पाणी 100 अंशांना उकळते तसा पेट्रोलचा एकच उत्कलनबिंदू नसतो. ते अनेक द्रवांचे मिश्रण आहे आणि त्यातील सर्वांत हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगावर बसलेला असतो, इंजिनाच्याच कॅमवर चालतो आणि मागच्या टाकीतून पुढपर्यंत पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली द्रव आणखी लवकर उकळतो. म्हणजे पेट्रोल सर्वांत जास्त तापते तिथेच त्याच्यावरचा दाब सर्वांत कमी असतो. पंपाच्या पोटात एकदा वाफ साठली की पडदा खालीवर होत राहतो, पण ढकलली जाते ती वाफ. कार्बोरेटरची वाटी हळूहळू रिकामी होते. पसरणी घाटात याला आणखी दोन गोष्टींची भर पडते. दुसऱ्या गिअरमध्ये वेग कमी, त्यामुळे समोरून येणारा वारा कमी आणि इंजिनावरचा भार मात्र पूर्ण. आणि पाचगणी साधारण 1300 मीटर उंचीवर असल्याने चढत जाल तसा हवेचा दाबही थोडा थोडा घटत जातो. डिसेंबरच्या सकाळी पंपाला जो दिलासा मिळतो, तो एप्रिलच्या दुपारी मिळत नाही.

हे सगळे 1988 मध्येही होतेच, मग तेव्हा गाडी का चढत होती, असे तुम्ही विचाराल. बदल मला दोन ठिकाणी दिसतो. पहिला पेट्रोलमध्ये आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्रास मिळते. अशा मिश्रणातून निव्वळ पेट्रोलपेक्षा वाफ लवकर सुटते. त्याखेरीज इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, मिश्रण पातळ पडते आणि गरम इंजिन चढावर झटके देऊ लागते. ते जुन्या रबरालाही मानवत नाही: नळ्या आतून फुगतात, मऊ पडतात किंवा बारीक चिरा घेतात. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीला चीर असेल तर बाहेर पेट्रोल गळत नाही, उलट आत हवा ओढली जाते. म्हणूनच बाहेरून ठणठणीत कोरडी दिसणारी नळीही दोषी असू शकते. पंपाच्या आधी काही इंच पारदर्शक नळी किंवा पारदर्शक फिल्टर घालून गरम इंजिन चालू असताना पाहा; पेट्रोलबरोबर बुडबुड्यांची माळ धावताना दिसली तर शंका उरणार नाही. रबराचे सगळे तुकडे, टाकीजवळचा लपलेला तुकडासुद्धा, इथेनॉल सहन करणाऱ्या नळीने बदलून घ्या. प्लगची टोके पांढरी पडलेली आढळली तर मुख्य जेट एक माप मोठा लावायचा की नाही, हे अनुभवी कारागिराला ठरवू द्या.

दुसरा बदल तुमच्याच दुरुस्तीत लपलेला असू शकतो, आणि पत्र वाचताना माझे लक्ष तिथेच अडकले. पंप बदलल्यानंतर त्रास कमी झाला नाही, उलट वाढला असे तुम्ही लिहिले आहे. पंप आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक जाड ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग असते. जुना पंप उतरवताना तो ठोकळा तडकतो, किंवा नव्या पंपाच्या डब्यात नुसते कागदी पॅकिंग येते म्हणून तेवढेच लावले जाते. मग ब्लॉकची सगळी उष्णता सरळ पंपात शिरते. या ठोकळ्याची जाडी पंपाचा दांडा किती ढकलला जाईल हेही ठरवते. ठोकळा नसेल तर दांड्यावर जास्त ताण येतो, आणि फाजील पॅकिंग घातले असेल तर पंप पुरेसे ढकलतच नाही. गाडी थंड असताना बोट घालून चाचपून पाहा: पंपाच्या मागे तो जाड थर आहे, की पंप थेट ब्लॉकला चिकटल्यासारखा बसला आहे? कार्बोरेटरचे किट घातले तेव्हा त्याच्या बुडाशी जे पॅकिंग मूळचे होते तेच परत बसवले का, हेही विचारा. आणि पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी एक्झॉस्टला लागून तर गेलेली नाही ना, ते पाहा. दुरुस्तीनंतर मूळ धातूच्या नळीच्या जागी लांब रबरी नळी टाकून ती जिथे पडेल तिथे पडू दिलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे.

चहाच्या थांब्यानंतर गाडी सुरू न होणे हा याच कुटुंबातला, पण वेगळा प्रकार आहे. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, पाण्याचे फिरणे थांबते आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे बॉनेटखालची उष्णता उतरण्याऐवजी चढते. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात ओघळते आणि इंजिन तुंबते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे आधीच बुडालेल्याला आणखी पाणी पाजणे होय, कारण दर दाबाला ती चिळकांडी उडते. चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर एकदाच सावकाश तळापर्यंत दाबून तिथेच धरा, पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि इंजिन पकडल्यावरच पाय उचला. बहुतेक वेळा काळसर धुराचा एक लोट निघून गाडी सुरू होईल. थांबताना बॉनेट थोडे उघडे ठेवण्यानेही फरक पडतो. मात्र हा प्रकार रोजचा असेल तर वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटची उंची आणि त्याच्यामुळे पेट्रोल अडवणाऱ्या सुईची बैठक तपासायला हवी. इथेनॉलने कुरतडलेल्या रबराचा एखादा कण सुईखाली अडकला तरी वाटी ओसंडते.

चोकचाही विचार करा. चोकची वायर जुनी झाली की बटण आत जाते, पण कार्बोरेटरकडचा दांडा पूर्ण परत जात नाही. थंड इंजिन त्यामुळे सुरेख सुरू होते आणि गरम झाल्यावर गुदमरते. बटण दाबून ठेवा आणि दुसऱ्याला तो दांडा हाताने आणखी ढकलून पाहायला सांगा. तो हलला तर वायर नीट बांधून घ्या.

आता विजेची बाजू, कारण कॉइल नवी आहे म्हणजे ती निर्दोष आहे असे मी मानत नाही. बाजारात 12 व्होल्टच्या दोन जातींच्या कॉइल मिळतात. एकीच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण 3 ओहम असतो आणि ती सरळ बॅटरीवर चालते. दुसरीचा साधारण दीड ओहम असतो आणि तिच्याआधी वेगळा रेझिस्टर जोडलेला असावा लागतो. दुसऱ्या जातीची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर 4 अँपिअरच्या जागी 8 अँपिअर वाहू शकतात. ती थंड असताना झकास ठिणगी देते, मग अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतकी तापते आणि दमते. बरोबर पॉइंटही, म्हणजे डेल्कोच्या आत कॉइलच्या विजेची उघडझाप करणारी टोके, जळतात. दोन्ही बारीक वायरी काढून त्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने मोजा, एकदा थंड असताना आणि एकदा बंद पडल्यावर लगेच. तापल्यावर आकडा थोडा वाढणे स्वाभाविक आहे, परंतु तो भलतीकडे गेला किंवा मीटरने काहीच दाखवले नाही तर वेटोळे आतून तुटते आहे. दुरुस्तीच्या वेळी किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकण्याची सवय गॅरेजमध्ये कोणाला असेल तर तीही थांबवा. पॉइंट मिटलेले असतील तर तेवढ्यानेही कॉइल भाजते.

तुमच्या बदललेल्या भागांच्या यादीत कंडेन्सर नाही आणि पॉइंटही नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. कंडेन्सर म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषणारी, करंगळीच्या टोकाएवढी डबी; ती सगळ्यांत स्वस्त, आणि तापल्यावर दगा देण्यात सगळ्यांत पुढे. डेल्कोचे झाकण काढून सोबत्याला सेल्फ मारायला सांगा आणि पॉइंटकडे पाहा. उघडझाप होताना बारीकशी निळी चमक चालते, पण भगभगीत पांढरी-पिवळी ठिणगी तिथेच उडत असेल तर कंडेन्सर गेलेला आहे. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा झालेला असेल तर दोन्ही एकदमच बदला आणि गॅप फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच ठेवा. तो बहुधा 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. डेल्कोच्या आत पॉइंटकडे जाणारी आखूड, मऊ वायर असते. ठिणगीची वेळ मागेपुढे करणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर ती सतत हलते आणि वरचे वेष्टन शाबूत राहून आतल्या तारा तुटतात. ती दोन बोटांत धरून अलगद वाकवा. एखाद्या जागी ती दोऱ्यासारखी लुळी लागली तर तिथे आत तांबे उरलेले नाही.

टेंपरेचरचा काटा मध्यावरच राहतो, त्यामुळे रेडिएटरविषयी फार लिहीत नाही. फक्त पंख्याचा पट्टा सैल नाही, रेडिएटरच्या जाळीत किडे आणि कचरा भरलेला नाही, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडलेले नाही, एवढे पाहून घ्या. मागे पडलेले टायमिंग इंजिन तापवते आणि चढावर ताकद खाते.

एवढे झाल्यावर, आणि तेव्हाच, बोअरचा प्रश्न. त्यासाठी कारागिराच्या मताऐवजी आकडा मागा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, मोजायला सांगा आणि आकडे समोर लिहून घ्या. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि पुस्तकातल्या आकड्याहून फार खाली नसतील तर इंजिन उघडण्याचे कारण नाही. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचे: आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. व्हॉल्व्हचा संशय आला तर आधी टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचे, गॅप पुस्तकाप्रमाणे लावून पुन्हा मोजा, कारण फार कमी ठेवलेल्या गॅपमुळेही गरम इंजिनाचे आयडलिंग ढासळते आणि ते दुरुस्त करायला तासाभराचे काम पुरते.

दुसरे इंजिन बसवण्याचा विचार मला पसंत नाही. त्यासाठी आर.टी.ओ.ची परवानगी आणि नोंद लागते, खर्च मोठा आहे, आणि दोष नळीत असेल तर तो नव्या इंजिनालाही भोवेल. पंपामागचा ठोकळा, नळ्या आणि त्यांची वाट ही तिन्ही नीट करूनही वाफ अडवतच राहिली, तर टाकीजवळ कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा विजेवरचा पंप बसवता येतो. टाकीजवळचा पंप थंड जागी असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, त्यामुळे नळीतला दाब वाढतो. मात्र तो दर चौरस इंचाला 2 ते 3 पौंड दाबाचाच घ्या. इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप याच्या कितीतरी पट दाब देतो आणि कार्बोरेटरची सुई उचलून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडवतो. इंजिन थांबताच किंवा धक्का बसताच पंप बंद होईल अशी जोडणीही हवी, कारण अपघातात तुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल ओतत राहिला तर तुम्हाला गाडीबाहेर पडायलाही वेळ मिळणार नाही. ही जोडणी येत नाही असे म्हणणाऱ्याकडून पंप बसवून घेऊ नका.

पसरणीची पुढची फेरी भर दुपारी करा, दोष टाळण्यासाठी सकाळी लवकर निघू नका. यावेळी तो दिसायलाच हवा आहे. गाडी थांबल्यावर झाकणाचा आवाज, कार्बोरेटरमधली चिळकांडी, ठिणगीचा रंग आणि कोणत्या फडक्याने ती सुरू झाली, हे सारे त्याच क्रमाने वहीत उतरवा. त्याआधी घरीच, थंड गाडीवर, पंपामागे बोट घालून ठोकळा आहे का ते पाहा आणि कॉइलचा रोध मोजा. हे निष्कर्ष मला कळवा. तोवर बदलून काढलेला जुना पंप आणि जुनी कॉइल टाकू नका, गॅरेजमध्ये राहिल्या असतील तर परत मागून घ्या. जुन्या पंपाला तो ठोकळा अजून चिकटलेला असण्याची बरीच शक्यता आहे.